शेरा : रुग्णाचे असहकार्य

अकरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास बाबा गेले.

हे झालेलं नाही. आपण सगळे मिळून असं धरून चालू की हे झालेलं नाही, कारण आज मंगळवार आहे, बाबा धडधाकट आहेत आणि एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून समोरच्या सूचनाफलकातल्या चुका काढतायत. फलकावर लिहिलंय की धातूची कोणतीही वस्तू आत नेऊ नये. बाबांचं म्हणणं असं की आधी 'थांबा' लिहायला हवं होतं. माणूस थांबलाच नाही तर वाचणार कधी?

त्यांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, चष्मा काढला, वरच्या दातांची कवळी काढून माझ्या हातात दिली. मतं तेवढी काढून ठेवली नाहीत. ती धातूची नसल्यामुळे मला आग्रह धरता आला नाही.

मी त्या मशीनवर तंत्रज्ञ आहे. म्हणजे काचेच्या अलीकडे बसतो, बटणं दाबतो आणि पलीकडे नळकांड्यात झोपलेल्या माणसाला सांगतो की आता थोडा आवाज होईल, घाबरू नका. मग असा आवाज होतो की मीही दोन वर्षांत त्याला सरावलेलो नाही.

बाबांची नोकरीही काचेमागचीच. एकतीस वर्षं ते बसस्थानकावरच्या घोषणा करायच्या खोलीत बसले. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणती येणारच नाही, हे सगळ्या गावाने त्यांच्या तोंडून ऐकलं. निवृत्तीनंतर स्थानक त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, पण घोषणा राहिल्या. घरात न्हाणीघर रिकामं झालं की ते बाहेर येऊन तसं जाहीर करायचे. घरात माणसं तीन. त्यातला एक तेच, म्हणजे प्रवासी दोनच. तरी पूर्ण वाक्य, आधी विनंती, मग माहिती.

मला ते भोंग्या म्हणतात. तान्हेपणी मी फार रडायचो म्हणून. आवाज चांगला आहे पण फेक नाही, हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत मी सहा महिन्यांचा असल्यापासूनचं.

पोटात गॅस होतो म्हणून त्यांची सोनोग्राफी केली. गॅस सापडला नाही, यकृतात गाठ सापडली. अठ्ठावीस मिलिमीटर. ती कसली आहे हे सोनोग्राफीला सांगता येईना. रक्ताच्या तपासण्यांनी हात वर केले. सुई घालून तुकडा काढावा तर गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसलेली, आणि बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. म्हणून एमआरआय.

आमच्याकडच्या चित्रांचे अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना आम्ही मॅडम म्हणतो. त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की यकृतातली गाठ दिसण्यावरून ओळखायला जाऊ नये, वागण्यावरून ओळखावी. दंडातून रंगद्रव्य सोडायचं आणि कोण कसं वागतंय ते बघत बसायचं. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असेल तर तो कडेकडेने, आळसावत, दहा मिनिटं घेऊन भरतो. असा गुंता माणूस पोटात घेऊन शंभर वर्षं जगू शकतो. वाईट गाठीला मात्र धीर नसतो. सगळं यकृत अजून अंधारात असताना ती आधी भडकते आणि मग सगळं यकृत उजळल्यावर ती विझते. आधी भडकली, मग विझली, की ओळख पटली. नुसती विझलेली दिसली तर काहीच सांगता येत नाही, विझलेल्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत.

ते भडकणं पकडायला मिळतात सोळा सेकंद. रंगद्रव्य पहिल्यांदा तिथून जातं तेव्हाची. त्या सोळा सेकंदांत माणसाने श्वास धरून ठेवायचा असतो, कारण यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं. बाकीचं सगळं पुन्हा काढता येतं. हे येत नाही. रंगद्रव्य एकदा पसरलं की पसरलं आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा देता येत नाही.

आता त्या आवाजाबद्दल. मशीन आलं तेव्हा श्वासाच्या सूचना द्यायला त्यात एक परदेशी बाई होती. ती काय म्हणते ते कुणालाच कळायचं नाही. लोक आपापल्या सोयीने श्वास घ्यायचे, एका आजोबांनी तर तिचे आभार मानले. मग विभागाने ठरवलं की आपल्या भाषेत सूचना भरायच्या, आणि हे काम वयाने सगळ्यात लहान म्हणून माझ्यावर आलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या कोठीत उभं राहून, तोंडातला घास पूर्ण गिळायच्या आत उरकलं. श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. धरून ठेवा. आता सोडा. सरकारी कामकाजाच्या इतिहासात माझ्या आवाजाचा सहभाग एवढाच.

तर मंगळवार. बाबा आत, कानावर हेडफोन, दंडात सुई. मी पिचकारीच्या यंत्राचं बटण दाबलं, रंगद्रव्य निघालं, आणि माझ्याच आवाजाने त्यांना श्वास धरून ठेवायला सांगितलं. दोन सेकंद शांतता. तिसऱ्या सेकंदाला माझ्यासमोरच्या स्पीकरमधून बाबा बोलू लागले. शेवटचा शब्द खाल्लास, म्हणाले. मग म्हणाले की प्रवासी गोंधळलेला असतो, त्याला आधी शांत करावं आणि मग सांगावं, तू सरळ हुकूम सोडतोस. मग घास, कोठी आणि घाई यांविषयी बोलले. त्यातलं काहीही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, सगळं त्यांना नुसतं ऐकून कळलं होतं. कवळी नव्हती तरी एक अक्षर सांडलं नाही. सोळाव्या सेकंदाला ते थांबले.

पडद्यावर जे आलं ते एक यकृत नव्हतं. एकमेकांशी न पटणारी तीन यकृतं एकावर एक ठेवल्यासारखं होतं. गाठीच्या जागी लाटा होत्या.

आमच्याकडे प्रत्येक फसलेल्या तपासणीची नोंद एका रजिस्टरात करतात. शेऱ्यासाठी दोन रकाने आहेत. एक 'यंत्रातील बिघाड', दुसरा 'रुग्णाचे असहकार्य'. तिसरा नाही. मी पेन उचललं आणि दुसऱ्या रकान्यात खूण केली. नुसती खूण केली तरी चालतं, पण मी सावकाश, चांगल्या अक्षरात, पूर्ण शब्द लिहिले. आई तीस वर्षं जे तोंडी सांगत होती ते पहिल्यांदा शिक्क्याच्या कागदावर येत होतं. मी एकटाच हसलो. घरी गेल्यावर तिला सांगायचं असंही ठरवलं.

ते पान एक वाजता वर नोंदणीत जातं. वर काय होतं ते आम्हाला खाली दिसत नाही. मी दिवसाला चारपाच जणांच्या नावापुढे तीच खूण दोन वर्षं करत आलो होतो आणि त्यांचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. ते चार वाजता कळलं. यंत्राचा बिघाड असेल तर रुग्णाला त्याच आठवड्यात परत बोलावतात, कारण चूक रुग्णालयाची. बाबांना शुक्रवार मिळाला असता. असहकार्य असेल तर रांगेच्या शेवटी पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी माणूस सहकार्य करायला शिकतो. रांगेचा शेवट अकरा आठवड्यांवर होता. तोही मॅडमनी तातडीचा शिक्का मारला म्हणून, नाहीतर सोळा होते.

नोंदणीच्या खिडकीत बसणारे काका सज्जन आहेत. ते माझ्यावर ओरडले नाहीत, मला चहा दिला. शेरा बदलता येतो, म्हणाले. तीन कागद लागतात. आपण सहकार्य केलं होतं असं रुग्णाचं सही केलेलं निवेदन. यंत्र बिघडलं होतं असा कंपनीच्या माणसाचा दाखला. आणि आपण खोटा शेरा लिहिला अशी संबंधित कर्मचाऱ्याची कबुली. कबुली आल्याबरोबर कर्मचारी निलंबित होतो. आणि निलंबित कर्मचाऱ्याचं लेखी घेत नाहीत. हे शेवटचं सांगताना त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. त्यांचा सख्खा मेहुणा गुडघ्यासाठी त्याच रांगेत होता, तो झोपेत हलला म्हणून.

गावात दुसरं एक मशीन होतं. ते गुडघे आणि मणके बघायचं, यकृताच्या वेळेवर रंगद्रव्य सोडणारं पिचकारीचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. तरी मी जाऊन विचारून आलो. त्यांनी गुडघा काढू का म्हणून विचारलं.

बाबांना मी एवढंच सांगितलं की चित्र हललं, पुन्हा काढायचंय, तारीख अकरा आठवड्यांनंतरची आहे. त्यांना वाटलं तारखा अशाच मिळतात. उलट ते खूश झाले. तयारीला वेळ मिळाला, म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची टाकली. रोज सकाळी आणि संध्याकाळी श्वास धरायचा, काटा बघायचा, आकडा वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी नऊ सेकंद. दुसऱ्या आठवड्यात सोळा. आईला आधी वाटलं रुसलेत. मग कारण कळल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं की ही तपासणी दरवर्षी ठेवता येते का, घरात इतकी शांतता तिने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली होती. पाचव्या आठवड्यात तेवीस सेकंद. त्याच आठवड्यात पट्ट्याला बाबांनी खिळ्याने नवं भोक पाडलं आणि तसं जाहीर केलं. सातव्यात एकतीस सेकंद, दुसरं भोक. आईने जेवणाच्या ताटाकडे बघून मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, व्यायाम चाललाय ना त्यांचा. नवव्या आठवड्यात चौतीस. तिसरं भोक त्यांनी जाहीर केलं नाही.

मधल्या काळात त्यांनी माझ्या सूचना नव्याने लिहून काढल्या. मग त्या स्वतः म्हणायचं ठरवलं. कपाटाचं दार उघडून कपड्यांत डोकं घालून ते उभे राहिले, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि मी मागे फोन धरून. सात वेळा केलं. सहाव्यांदा चांगलं झालं होतं, पण त्यांना आईच्या भांड्यांचा आवाज ऐकू आला. विभागात कुणालाच हरकत नव्हती, माझ्या आवाजाला कंटाळलेलेच होते. मी तो मशीनमध्ये भरला.

'लक्ष द्या. आता श्वास घ्यायचाय, सावकाश. सोडा. पुन्हा घ्या. आणि थांबा. इथेच थांबा. हलू नका. थोडंच राहिलंय.' मग सोळा सेकंद. मग, 'झालं. सोडा.'

त्या दिवसापासून लोक थांबू लागले. का ते मला सांगता येणार नाही. म्हातारे, लहान मुलं, घाबरणारे, एरवी कुणाचंही न ऐकणारे, सगळे तिथल्या तिथे थांबायचे. दुसऱ्या रकान्यात तीन आठवडे एकही खूण झाली नाही. नोंदणीवाले काका खाली येऊन विचारून गेले की रजिस्टर हरवलं तर नाही ना. रांग झरझर पुढे सरकत होती. पण ज्यांना तारखा दिल्या होत्या त्या दिल्या होत्या, त्या अलीकडे आणायचा नियम नव्हता.

अकरा आठवडे झाले. बाबा त्याच बाकावर बसले. यावेळी त्यांच्या हातात फेरतपासणीचा कागद होता आणि फेरतपासणीच्या कागदावर मागचा शेरा छापून येतो. हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी तो स्थानकावर वाचतात तसा, पूर्ण वाक्यात, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"खरं आहे," ते म्हणाले. "मी बोललो होतो." कागद उलटा करून त्यांनी मागे काही आहे का बघितलं. "असहकार्य केलं की काय करतात?"

"शेवटी पाठवतात."

"आणि नसतं लिहिलंस तर?"

"त्याच शुक्रवारी झालं असतं."

ते गप्प राहिले. मी सवयीने मोजलं, वीसच्या पुढे गेलं. वहीत लिहिण्यासारखा आकडा होता. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं, पट्टा ठेवला, त्यातली भोकं आता आतल्या बाजूला बरीच सरकली होती, आणि कवळी काढायच्या आधी म्हणाले, "गाडी सुटल्यावर घोषणा करायची नसते, भोंग्या. चल, मशीन चालू कर."

मी रंगद्रव्य सोडलं. बाबांच्या आवाजाने बाबांना थांबायला सांगितलं आणि बाबा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाचं तरी ऐकत होते, तेही स्वतःचं होतं म्हणून. स्पीकरमधून काही आलं नाही. पडद्यावर यकृत आलं, एकच, काठ कोरून काढल्यासारखे. सगळं स्थानक बंद असावं आणि एकाच खिडकीत दिवा असावा तशी त्या अंधारात गाठ पेटलेली होती. आता ती एक्कावन्न मिलिमीटर होती. मी पुढची चित्रं काढली. सगळं उजळलं तेव्हा ती विझली. शेजारच्या रक्तवाहिनीत गाठीचीच एक दोरी शिरली होती, ती पण पेटली आणि विझली. मॅडमना बोलावण्याआधीच मला सगळं कळलं होतं. त्यांनीच शिकवलं होतं, पहिल्या आठवड्यात.

"कसं आलं?" स्पीकरमधून बाबांनी विचारलं.

"स्पष्ट."

"आणि आवाज?"

"आवाजही स्पष्ट."

"बघ," ते म्हणाले. खरंच समाधानाने म्हणाले.

मॅडमनी चित्रं वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. म्हणाल्या की यकृताचं इतकं स्वच्छ चित्र या मशीनवर आजवर निघालेलं नाही. नाव झाकून विद्यार्थ्यांना दाखवलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल, त्यांना प्रेक्षक आवडतात. मग मी विचारलं की अकरा आठवड्यांपूर्वी, अठ्ठावीसची असताना, ती आतल्या आत जाळून टाकता आली असती का. मॅडम माऊसचं चाक फिरवत राहिल्या, पडद्यावर बाबा पोटापासून छातीपर्यंत आणि छातीपासून पोटापर्यंत जात राहिले.

"मापात होती," त्या म्हणाल्या.

विद्यार्थ्यांना ते चित्र आवडतं. मॅडम दिवे बंद करतात, ते पडद्यावर लावतात आणि विचारतात, कोणती? मागच्या बाकावरचा झोपाळू मुलगासुद्धा बरोबर सांगतो.

त्यानंतर घरी काय काय झालं ते सगळं सांगत नाही. त्यात नवीन काही नव्हतं, फक्त घोषणा छोट्या होत गेल्या. शेवटी शेवटी नुसतीच माहिती असायची, विनंती गळाली होती. न्हाणीघरापर्यंत मी धरून नेत असे आणि रिकामं झाल्याचं मीच जाहीर करत असे. फेक नाही, असं ते हाताने सांगायचे.

नंतर एकदा मी डबा घरी विसरलो म्हणून आई तो घेऊन आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आतलं जाड दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. तिने मान वाकडी करून ऐकलं. लक्ष द्या. सावकाश. इथेच थांबा, हलू नका. सोळा सेकंद ती डबा मांडीवर धरून तशीच बसली. झालं, सोडा, असं आतून आल्यावर उठली आणि डबा माझ्या हातात दिला.

"अजून चालूच आहे का यांचं," म्हणाली, आणि गेली.

तर पहिल्या ओळीत अकरा तारखेबद्दल जे म्हटलंय ते झालेलं नाही. निदान कार्यालयाच्या दृष्टीने ते अंतिम नाही, कारण त्यासंबंधी माझा अर्ज प्रलंबित आहे. नोंदणीवाल्या काकांनी तो घेतला, पोच दिली, चहा दिला. अर्ज असा :

प्रति, प्रमुख, नोंदणी विभाग. विषय : शेऱ्यामध्ये पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मंगळवारच्या तपासणीत रुग्णाने सूचनेतील दोष तत्काळ व विनामोबदला निदर्शनास आणून दिला असून, सदर दोष दूर केल्यावर विभागातील असहकार्याची प्रकरणे शून्यावर आली आहेत. यावरून रुग्णाचे वर्तन हे असहकार्य नसून सहकार्यच होते, असे दिसून येते. कंपनीच्या दाखल्यानुसार यंत्रातही बिघाड नव्हता. बिघाड शेरा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यात होता, व त्यासाठी रजिस्टरात रकाना उपलब्ध नाही. सबब विनंती की, 'कर्मचाऱ्यातील बिघाड' असा तिसरा रकाना निर्माण करून त्यास यंत्रातील बिघाडाचे नियम लागू करावेत, सदर नोंद त्या रकान्यात वर्ग करावी, आणि रुग्णास त्याच आठवड्यातील शुक्रवारची, सकाळी पावणेदहाची वेळ देण्यात यावी. रुग्णाची सही नंतर सादर करण्यात येईल. रुग्ण उपाशीपोटी, धातूच्या वस्तूंविना, वेळेच्या पंधरा मिनिटे आधी हजर राहील, याची हमी खाली सही करणारा घेत आहे.